चार पानांचा तंबू

उमाबाई फणसळकरांनी रत्नागिरीच्या बायकांच्या उद्योगशाळेत एकतीस वर्षं शिवण शिकवलं. रोज सकाळी शिरगावच्या थांब्यावर एसटी पकडायची, पिशवीत टेप, कात्री, खडू आणि पोळीभाजीचा डबा. दुपारी तीनच्या गाडीनं परत. एवढ्या वर्षांत निम्म्या तालुक्यातल्या मुली त्यांच्या हाताखालून गेल्या. बाही कशी बसवायची ते शिकल्या, लग्न करून मुंबईला गेल्या आणि तिथं तयार कपडे विकत आणून घालायला लागल्या. बाईंना याचा भारी राग. सुट्टीत कुणी भेटायला आली की चहा टाकायच्या आधी तिच्या ड्रेसची शिवण उलटी करून बघत आणि म्हणत, “ही शिवण नव्हे, ही फसवणूक आहे.” मुली हसायच्या. बाई हसत नसत.

कापडावर त्यांचा जीव होता. माणसांवरही होता, पण तो बोलून दाखवायची त्यांना सवय नव्हती. यजमान श्रीपतराव कलेक्टर कचेरीत कारकून. त्र्याण्णव साली चार दिवसांच्या तापाचं निमित्त होऊन गेले. मुलगा अपूर्व एकुलता एक, शिकून आधी मुंबईला आणि मग अमेरिकेला गेला. आजूबाजूची तीन घरंही एकेक करून बंद झाली. त्यांची माणसं फक्त मे महिन्यात कुलपं उघडायला येत. नोकरी होती तोवर बाईंचा दिवस कसाबसा भरत असे. अठ्ठ्याण्णव साली त्या निवृत्त झाल्या आणि पहिल्याच सोमवारी सकाळी सवयीनं डबा भरून बसल्या. मग तोच डबा दुपारी घरातच उघडून खाल्ला. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. सांगणार तरी कुणाला?

घराच्या मागं चढावर त्यांची आंब्याची लहानशी बाग होती आणि बागेच्या टोकाला, दगडी गडग्यापाशी, एक जुना आवळा. श्रीपतराव होते तेव्हा कार्तिकात त्या झाडाखाली आवळीभोजन व्हायचं. जमीन सारवायची, झाडाला हळदकुंकू वाहायचं, केळीची पानं मांडायची आणि आळीतली सगळी माणसं तिथं उघड्यावर जेवायला बसायची. स्वयंपाकाला लागायच्या आधी उमाबाई विचारत, “पानं किती?” ओटीवरून श्रीपतराव ओरडून सांगत, “पंधरा!” की पंधरा पानं पुसली जायची. त्या घरात माणसं मोजायची पद्धत नव्हती, पानं मोजायची होती. जेवताना वरून आवळ्याचा बारीक पाला पानात पडला की श्रीपतराव म्हणत, “चला, वर्ष बरं जाणार.” गेली अकरा वर्षं उमाबाई कार्तिकात एका वाडग्यात दहीभात घेऊन झाडाखाली जात, उभ्याउभ्याच चार घास खात आणि परत येत. रिवाज मोडायचा नाही म्हणून, बाकी त्यात काही राम उरलेला नव्हता.

नात झाली तेव्हा मात्र त्यांच्या मनानं एक गोष्ट धरली. उर्वी मोठी होईल, कार्तिकात येईल आणि त्या आवळ्याखाली आपल्या शेजारी बसून जेवेल. एवढंच. बाईंनी उभ्या जन्मात देवाकडे फारसं काही मागितलेलं नव्हतं, त्यामुळे हे मिळायला हरकत नाही असं त्यांना वाटत असे.

पण उर्वी आली ती दोन हजार साली, मे महिन्यात, तीन वर्षांची. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोर मागच्या पडवीत कोंबड्यांमागं धावली आणि डासांनी तिला फोडून काढली. रात्रीपर्यंत एक डोळा सुजून बंद, गाल टम्म, हातापायांवर सुपारीएवढ्या गांधी. गावातल्या डॉक्टरांनी औषध दिलं, भिण्यासारखं काही नाही म्हणाले. पण सून केतकी पुण्याची, पहिलटकरीण आई, तिच्या तोंडचं पाणी पळालं. आणि पळणारच, उमाबाईंनीही त्याबद्दल तिला कधी बोल लावला नाही. सकाळी सहाला गाडी निघून गेली. त्यांच्यासाठी फोडलेला कापा फणस बाईंनी पुढे चार दिवस एकटीनं संपवला.

त्यानंतर ती मंडळी भारतात आली ती पुण्यातच राहिली. उमाबाई एसटीनं लाडू घेऊन गेल्या, दोन दिवस राहिल्या. नातीबरोबर टेबलाशी बसून जेवल्यासुद्धा, पण त्या व्याह्यांच्या घरी होत्या, पाहुण्या. पाहुणीनं नातीला घास भरवायचा म्हणजे जरा परवानगी काढल्यासारखंच होतं. तिथं गंधार नावाचा नवा नातू होता, सहा महिन्यांचा. त्याला मांडीवर घेतलं आणि परत दिलं.

दोन हजार चारच्या गणपतीत अपूर्वचा फोन आला. केतकीच्या भावाचं लग्न आहे, तुळशीची लग्नं झाली की लगेच. आम्ही सगळे येतोय.

“इकडे?” उमाबाईंनी विचारलं.

“यायचं तर आहे, आई. केतकी म्हणते डासांचं काय? एक करता येईल. गणपतीपुळ्याला हॉटेलात उतरू आणि एक दिवस दुपारी जेवायला घरी येऊ.”

पोटचा मुलगा घरापासून तासाभरावर हॉटेलात उतरणार, हे ऐकून बाईंना काय वाटलं ते सांगायला नको. पण त्यांनी ते गिळलं आणि म्हणाल्या, “दुपारी तर दुपारी. कार्तिक आहे. आवळीभोजन करू.”

“झाडाखाली? अगं, डास—”

“तू इंजिनेर ना रे? मग काढ काहीतरी तोड.”

तोड त्यानं काढली. तिकडे म्हणे सहलीला नेतात असे जाळीचे तंबू मिळतात, नुसते हवेत भिरकावले की आपसूक उघडतात, चारी बाजूंनी जाळी, आत बसून खुशाल जेवा. “मी कॅटलॉग पाठवतो. तू बघ आणि तूच निवड. कापडातलं तुला कळतं.” हे शेवटचं वाक्य त्यानं सहज म्हटलं, पण बाई ते वाक्य दोन आठवडे मनात घोळवत होत्या.

कॅटलॉग आला. गुळगुळीत, जाड, लग्नाच्या अल्बमसारखा. अपूर्वनं तीन तंबूंवर पेनानं गोल केले होते. चित्रात एका तळ्याकाठी तंबूत बसून एक गोरं कुटुंब कलिंगड खात होतं आणि कुत्रा बाहेर बसून त्यांच्याकडे बघत होता. बाईंनी चष्मा पुसला, शब्दकोश काढला आणि वहीत लिहून घ्यायला बसल्या. आता कुणी म्हणेल, तीनांतला एक तंबू निवडायचा, त्यात एवढं काय? पण बाईंच्या लेखी हा तंबू चुकला तर पोरीला परत डास चावणार, आणि पोरीला परत डास चावले तर ती मंडळी या उंबऱ्याला पुन्हा लागणार नाहीत. शाळेत परीक्षेचा ब्लाउज बेततानासुद्धा त्यांनी एवढा विचार केला नव्हता.

पहिली गोष्ट जाळी. दर रविवारी सकाळी अपूर्वचा फोन येई. बाईंनी विचारलं, “भोकं केवढी आहेत जाळीला?”

“बारीक असतात गं.”

“बारीक म्हणजे? इंचात किती?”

“आई, ते कोण मोजतं?”

“मी मोजते. आपल्या मच्छरदाणीला इंचात तेरा आहेत, सुई घेऊन मोजलीत. डास अडेल, पण चिलट आत शिरेल. तू दुकानात विचार.”

बिचाऱ्यानं विचारलं असावं, कारण पुढच्या रविवारी उत्तर आलं. दोघांची पंधरा, एकाची पंचवीस. मग बाईंनी छपराची चौकशी केली. एकाला वरून निळं कापड होतं. तो त्यांनी तिथंच बाद केला. आवळ्याखाली बसायचं आणि वर बघितलं तर आवळा दिसायचा नाही, मग घरातच का जेवू नये? सगळ्यात मोठा तंबू दहा फुटांचा, पण त्याला जमिनीत खुंट्या ठोकायच्या होत्या. चित्रातल्या तळ्याकाठी ठोकता येत असतील. इथं वीतभर मातीखाली जांभा. पहारीनंसुद्धा ठिणग्या उडतात तिथं त्या ॲल्युमिनियमच्या काड्या काय करणार? मधला तंबू सात फूट चौरस, पंचवीस भोकांचा, वरूनही जाळीच. त्याच्या कडेला जमिनीवर लोळणारी कापडी झालर होती, तिच्यावर नुसते दगड ठेवले की काम झालं. आणि त्याला तळ नव्हता. हे तर बाईंना फारच आवडलं. सारवलेल्या जमिनीवर पान मांडायचं ते मांडायचंच.

तरी सात फूट पुरतील का, ही शंका होती. एका सकाळी त्यांनी शिवणाचा खडू घेतला, टेप घेतला आणि पुढच्या अंगणात तंबू बेतला. सात बाय सात, काटकोनात. मग माळ्यावरचे पाट काढून त्या चौकोनात मांडले, दोन या बाजूला, दोन त्या बाजूला. पाटांपुढे पानांच्या जागा खडूनं आखल्या. एवढ्यात मैना आली. मैना खालच्या वाडीतली, बागेच्या आणि सारवणाच्या कामाला गेली वीस वर्षं येणारी. बाईंशी घडीभर बोलणारं एवढं एकच माणूस उरलं होतं.

“वैनी, ह्ये काय वो मांडलाव?”

“तंबू आहे हा. अमेरिकेतून यायचाय. बघ गं, चार पानं बसतील का यात?”

मैनानं कमरेवर हात ठेवून चौकोनाला एक फेरी मारली. चौकटीत शिरून एका पाटावर बसून पाहिलं, कोपर पसरून पाहिलं. “बसतील की. चार पानां ऐसपैस बसतात. अपूर्वदादा, वैनीसाहेब, दोन पोरां. जाला.”

“झालं,” उमाबाईही म्हणाल्या.

त्या रविवारी अपूर्व म्हणाला, “आई, सामानाच्या वजनाचं बघतो मी. मोठाच घेऊ का?”

“नको रे बाबा. चार पानं आहेत, मधला पुरे.”

“फोर पर्सन. ठीक,” तो म्हणाला, आणि निवड पक्की झाली. बाईंनी फोन ठेवला आणि त्यांना इतकं हलकं वाटलं की त्यांनी दुपारी स्वतःपुरता शिरा केला.

पुढचा महिनाभर त्या शिरगावात कुणी भेटलं की तंबूबद्दल बोलत. वाण्याला सांगितलं, पोस्टमनला सांगितलं, एसटीच्या थांब्यावर कुणा अनोळखी बाईला पंचवीस भोकांचं महत्त्व पटवून दिलं. लोक ऐकून घेत. दिवाळी झाली. मैनानं आवळ्याखालचं रान काढलं, माती चोपली, शेणानं दोन हात सारवली. बाईंनी रोवळी भरून आवळे उतरवून घेतले, वालांना मोड आणले, कोकमाचं आगळ गाळून ठेवलं. त्या दिवशी पहाटे उठून त्यांनी केळीची चार पानं कापली, पुसली आणि सुपात ठेवली.

साडेअकराला गाडी आली. उर्वी उतरली ती सात वर्षांची, पुढचे दोन दात पडलेली, अंगभर लांब बाह्यांचे कपडे आणि औषधाचा वास. “आजी!” म्हणून तिनं कमरेला मिठी मारली. बाईंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि त्याच हातानं नकळत तिच्या कॉलरची शिवण चाचपली. गंधार आईच्या कडेवर होता. केतकीनं वाकून नमस्कार केला आणि सरळ होत म्हणाली, “आई, तंबू आधी लावू या हं, मग मुलांना मागं नेते.”

तंबू लग्नातल्या परातीएवढ्या गोल चपट्या पिशवीत होता. आवळ्याखाली उभं राहून अपूर्वनं पट्टा सोडला आणि तो भिरकावला. फट्‌दिशी आवाज होऊन हवेतच तो उलगडला आणि सारवलेल्या जमिनीवर चार पायांवर उभा राहिला. गंधार खदखदून हसला. मैना दोन पावलं मागं सरली आणि म्हणाली, “आगो बाय माजे!” उमाबाईंनी जाळी चिमटीत धरून पाहिली, शिवण उलटी करून पाहिली. दुहेरी होती, टाका बारीक. त्यांनी पसंतीची मान हलवली. अशी मान त्यांनी एकतीस वर्षांत फार तर पाच-सहा मुलींना दिली असेल. झालरीवर जांभ्याचे दगड ठेवले, आत उदबत्ती फिरवली, पाट मांडले, पानं मांडली. अंगणात बेतलं होतं तसंच सगळं बसलं, इंच इकडे नाही, इंच तिकडे नाही.

चौघं आत गेली आणि केतकीनं चेन लावून घेतली.

उमाबाई वाढायला लागल्या. मीठ, चटणी, आवळ्याचं रायतं, बिरडं, अळू, वरणभात, वर तूप. दर वेळी चेन हातभर उघडायची, हात आत घालायचा, वाढायचं, हात बाहेर, चेन बंद. केतकी आतून नेमकं तेवढंच उघडून देत होती, तिचंही काही चुकत नव्हतं. झाडाखाली डास होतेच. दुपार असली तरी सावली दाट आणि जमीन ओली. ते जाळीवर बसत होते आणि जाळीवर डाळ शिजत नाही म्हटल्यावर बाईंच्या दंडांवर येत होते. बाईंचं तिकडे लक्ष नव्हतं. उर्वी बोटं चाटून बिरडं खात होती, आणि ते बघण्यात त्यांचा जीव गुंतला होता.

दुसऱ्यांदा भात घेऊन आल्या तेव्हा उर्वी मान वर करून त्यांच्याकडे पाहत होती. मग तिनं पानं मोजली. बोटानं, मोठ्यानं, एक दोन तीन चार.

“आजी, तुझं पान कुठे आहे?”

“मी मागून बसेन गं. आधी तुम्ही जेवा.”

“मागून म्हणजे?”

“तुमचं सगळ्यांचं झालं की.”

उर्वीला ते काही कळलं नाही. तिच्या घरी सगळी माणसं एका टेबलाशी बसत. तिनं बापाकडे पाहिलं, मग पुन्हा जाळीबाहेर. “पण मग तुझ्याबरोबर कोण जेवणार?”

अपूर्वचा घास हातातच राहिला. तो या घरात वाढला होता. आई मागून जेवते हे त्याला माहीत होतं, आणि माहीत असलेल्या गोष्टीकडे कुणी बघत नाही. “अगं हो, आई, तू ये ना आत,” तो घाईनं म्हणाला. “सरकून घेऊ आम्ही. केतकी, पान जरा तिकडे घे.” केतकीनं खरंच पान उचलायला हात घातला. ताकाची वाटी कलंडली, गंधारचा गुडघा उर्वीच्या अळूत गेला, अपूर्वची पाठ मागच्या जाळीला टेकली आणि ती जाळी जिथं बाहेर फुगली तिथं लगेच चार डास येऊन बसले. “बाबा, जागाच नाहीये,” उर्वी म्हणाली, आणि खरंच नव्हती. बाईंनी स्वतःच तर खडूनं मापून घेतलं होतं.

“पानं हलवू नका,” उमाबाई म्हणाल्या. “जेवताना पान हलवू नये. बसा सगळे. मला कुठं घाई आहे?”

त्या वळून वरणाच्या पातेल्यापाशी आल्या, आणि तिथं त्यांना ते लख्ख कळलं. दोन महिने. इंचात भोकं मोजली, झाड आणि गडगा यांतलं अंतर मोजलं, पाट मांडले, कोपरांना जागा सोडली. मैनानं मोजलं, अपूर्वनं मोजलं. चार पानं, चार पानं. जन्मभर माजघरातून “पानं किती?” विचारलं आणि आलेल्या आकड्यात वाढणारी बाई कधीच नव्हती, ती नसायचीच. नातीबरोबर जेवायचं म्हणून तंबू मागवला आणि त्यात स्वतःला धरायचं राहून गेलं. दुसरं कुणी विसरलं असतं तर रागावता तरी आलं असतं. बाईंचे डोळे भरून आले. मैना शेजारीच होती म्हणून त्यांनी पातेल्यावरचं झाकण काढलं आणि वाफेत तोंड धरलं.

शेवटी त्या जाळीपाशी येऊन जमिनीवर बसल्या, बाहेर, उर्वीच्या बाजूला. उर्वीनं भाताचा एक घास केला आणि जाळीपर्यंत आणला. घास जाळीला टेकला. पंचवीस भोकं इंचाला. चिलट जात नव्हतं, शीत तरी कसं जाणार? “अगं, खा तू,” बाई म्हणाल्या. जाळीवर वरून आवळ्याचा बारीक पाला पडून साठला होता. आत कुणाच्या पानात काही पडलं नाही.

जेवणं झाली. केतकीनं मुलांचे हात-पाय-मान तपासली आणि तिचा चेहरा फुलला. “आई, एकसुद्धा चावला नाही! बघा ना, एकसुद्धा नाही! काय बरोब्बर निवडलात हो तुम्ही.” ती मनापासून बोलत होती, इतकं की तिनं बाईंचा हात हातात घेतला, आणि मग त्या हातावरच्या गांधी तिला दिसल्या. “तुम्हांला केवढे चावले,” ती म्हणाली. पर्समधली औषधाची नळी काढून तिनं स्वतःच्या हातानं त्या गांधींना लावलं. हे उमाबाईंनी पुढे कधी विसरू दिलं नाही, म्हणजे स्वतःला.

तिन्हीसांजेच्या आत निघायचं होतं. तंबू मिटायला अपूर्व बसला तो अर्धा तास बसला. उघडायला एक निमिष लागलेला तंबू मिटायला तयार होईना. एक टोक दाबावं तर दुसरं तोंडावर येई. माहितीचा कागद उलटासुलटा करून झाला, ड्रायव्हरनं प्रयत्न केला, उर्वी हसून हसून लोळली. “राहू दे आई इथंच,” अपूर्व शेवटी म्हणाला. “उद्या मुंबईला जायचंय, परवा विमान.” मग गाडी सुरू झाली आणि उर्वीनं काचेतून हात हलवला. काच बंद होती, डासांसाठी.

मैना भांडी घासायला विहिरीवर गेली. जाताना विचारलं, “वैनी, तुमी जेवलाव?”

“जेवते,” बाई म्हणाल्या.

त्यांनी स्वतःपुरतं एक पान कापून आणलं. तंबूत शिरल्या, चेन लावली, उर्वीच्या पाटावर बसल्या आणि गार झालेला भात वाढून घेतला. भोवती तीन रिकामे पाट. सात फूट ही केवढी जागा असते ते त्यांना तेव्हा कळलं. चार घास खाल्ले आणि पान तसंच पुढे सरकवून त्या रडल्या. चांगल्या आवाज करून रडल्या. ऐकायला बागेत कोणी नव्हतं.

पुढचे आठ दिवस तंबू झाडाखाली तसाच उभा राहिला आणि बाई रोज दुपारी ताट घेऊन त्यात जेवायला जात. मैनाला वाटलं वैनींचं डोकं फिरलं. फिरलं वगैरे काही नव्हतं. जेवण झालं की त्या बसल्या बसल्या तंबूच्या कडांतून घातलेल्या तारेची वळणं न्याहाळत. कापड कसं उलगडतं ते कळलं तर कसं मिटतं तेही कळलं पाहिजे, हा त्यांचा धंद्यातला हट्ट होता. नवव्या दिवशी उमगलं. समोरासमोरच्या कडा एकत्र आणायच्या, वरचं टोक खाली लवून दाबायचं आणि वळण आतल्या आत घ्यायचं. फक्त त्याला दोन माणसं लागत होती, एकानं धरायचं आणि एकानं वळवायचं. बाईंनी एक कड आवळ्याच्या खोडाला टेकवली, गुडघ्यानं दाबून धरली आणि दोन्ही हातांनी वळवलं. तंबू मुकाट्यानं परातीएवढा झाला. पिशवीत घालून तो त्यांनी माळ्यावर, पाटांच्या शेजारी ठेवून दिला.

रविवारी सकाळी फोन आला.

“आई, तंबूचं काय झालं? एव्हाना वाऱ्यानं उडून गेला असेल.”

“घडी करून ठेवलाय.”

“काय सांगतेस! कुणी करून दिली?”

“मीच केली.”

तो हसला आणि म्हणाला, “मुलं सारखं विचारतायत, पुन्हा कधी जायचं. दोन वर्षांनी जमेल बहुतेक. त्या वेळी दुसरा घेऊन येऊ का गं, थोडा मोठा?”

“आण,” उमाबाई म्हणाल्या. “पाच पानांचा आण.”

“पाच?” फोनमध्ये खरखर झाली. “आपण तर चौघंच आहोत. पाचवं कोण, आई? कुणी राहायला येणार आहे का तुझ्याकडे?”

बाईंनी रिसीव्हर या कानाचा त्या कानाला घेतला. समोर ओटीवर त्यांनी सकाळीच पुसून ठेवलेलं एकच पान होतं.

“उर्वीला विचार,” त्या म्हणाल्या. “तिला मोजता येतं.”